मुदखेडच्या झेंडूत शॉर्टफिल्म: एचडी कॅमेरा भाड्यानं आणायचा की खिशातला फोन पुरे?

अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं आणि पितृपक्ष लागला की फोटो स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे कपाटात जातात. साखरपुडा नाही, लग्न नाही, वास्तुशांत नाही. बौद्ध आणि मुस्लिम घरांतली लग्नं चालू असतात, त्यामुळं कपाट अगदीच बंद नसतं, पण मे महिन्यातली ती धावपळही नसते. आणि नेमक्या याच पंधरवड्यात मुदखेड तालुक्यातल्या शेतांत झेंडू भरात येत असतो, कारण लगेच पुढं घटस्थापना आणि मग दसरा. फुलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात शॉर्टफिल्म करायची असेल, तर वर्षातला हाच योग. पिवळं-केशरी लोकेशन समोर आहे, आणि कॅमेरावाल्याला फोन केला तर तो भाव पाडून बोलायच्या मूडमध्ये आहे.

मग प्रश्न येतो तो असा: “चांगला एचडी कॅमेरा भाड्यानं कुठं मिळंल?” विचारणाऱ्याच्या हातात जो फोन असतो, त्याच्या डब्यावर मात्र ४के लिहिलेलं असतं. म्हणजे हातात एचडीच्या चौपट पिक्सेल आहेत आणि माणूस पैसे देऊन एचडी शोधतोय. हे वेडेपण नाही. पण यात दोन-तीन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, आणि ती न सोडवता अ‍ॅडव्हान्स पाठवला तर पैसे चुकीच्या जागी जातात.

फोनवरचे सिनेमे आणि मालेगावचा कॅमेरा

फोनच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडं सध्या भारी दाखले आहेत. विशाल भारद्वाज यांनी २०२३ मध्ये ‘फुरसत’ हा लघुपट आयफोन १४ प्रोवर केला. जून २०२५ मध्ये आलेल्या डॅनी बॉयल यांच्या ‘२८ इयर्स लेटर’चा मोठा भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर चित्रित झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त बॉयल यांच्या आयफोनच्या पुढं सिनेमाच्या लेन्सा अडकवल्या होत्या, आणि दोन्हीकडं मागं लाइटवाल्यांची आणि साउंडवाल्यांची फौज होती. गंमत म्हणजे याच बॉयल यांनी २००२ चा ‘२८ डेज लेटर’ कॅनन एक्सएल१ वर केला होता. तो मिनी-डीव्ही टेपचा कॅमेरा, एचडीसुद्धा नव्हता. सिनेमा चालला.

आपल्याकडचा दाखला जवळचा आहे आणि जास्त उपयोगाचा आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. व्हिडिओ कॅमेरा, गावातली माणसं, आणि ट्रॉली-क्रेनच्या जागी सायकल, बैलगाडी जे मिळेल ते. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्यांच्या पुढच्या सिनेमाचं शूटिंग दिसतं, आणि त्यात एका टप्प्यावर कॅमेरा पाण्यात पडतो. काम तिथंच अडतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला तेव्हा बहुतेकांनी त्यातली जिद्द पाहिली. मला मात्र तो पाण्यात पडलेला कॅमेरा आठवत होता. लाखाची वस्तू, एकच नग, आणि ती ओली झाल्यावर पुढं काय, हे आधी कुणी बोललेलं नसतं. भाड्याच्या कॅमेऱ्याचा सगळा व्यवहार या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्याकडं वळूच, पण आधी यंत्र समजून घेऊ.

खांद्यावरचा मोठा कॅमेरा आतून केवढा असतो?

फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल. दोन मेगापिक्सेल, बस. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. तुमच्या फोनचे ५० मेगापिक्सेल व्हिडिओत यातले एवढेच वापरतात. त्यामुळं पिक्सेल मोजून कॅमेरा निवडणं म्हणजे पानांची संख्या बघून पुस्तक घेणं.

खरा फरक सेन्सरच्या आकारात आहे. लेन्समधून आलेला उजेड ज्या चकतीवर पडतो तो सेन्सर. मोठ्या पातेल्यात पावसाचं पाणी जास्त साठतं, तसा मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. सोनी एफएक्स३० सारख्या कॅमेऱ्याचा साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा. फोनचा मुख्य सेन्सर यांच्यापुढं चिमुकला.

आता गंमत बघा. लग्नात खांद्यावर घेऊन फिरतात तो सोनी एचएक्सआर-एमसी२५०० हा कॅमेरा गावोगावी लोकांनी पाहिलेला आहे. मंडपात तो आला की लोक केस नीट करतात. त्याचा सेन्सर पाव इंच वर्गातला, म्हणजे आजच्या बऱ्याच साध्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षाही लहान! तो कॅमेरा वाईट नाही. चार तासांचं लग्न न थांबता रेकॉर्ड करणं, लांबून झूम करून वरमाईचा चेहरा पकडणं, खांद्यावर स्थिर राहणं, ही त्याची कामं आणि ती तो चोख करतो. पण संध्याकाळच्या उजेडात शेताच्या बांधावर दोन माणसं बोलताहेत आणि मागचा झेंडू धूसर व्हायला हवा, हे त्याला जमत नाही. त्यासाठी मोठा सेन्सर आणि मोठ्या छिद्राची लेन्स लागते.

म्हणून स्टुडिओवाल्यानं “एचडी कॅमेरा आहे ना भाऊ” म्हटलं, तर आधी मॉडेल विचारा. खांद्यावरचा कॅमेरा निघाला आणि तुमच्याकडं बऱ्यापैकी फोन असेल, तर कथापटासाठी भाडं भरू नका. सोनी ए७ मालिका, एफएक्स३०, एफएक्स३, पॅनासॉनिक जीएच५ किंवा ब्लॅकमॅजिक पॉकेट यांपैकी काही निघालं, तर पुढं बोलण्यात अर्थ आहे.

झेंडूची परीक्षा

मुदखेडात शूट करणाऱ्याला एक अडचण येते, जी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शूट करणाऱ्याला येत नाही. दुपारच्या उन्हात केशरी झेंडूचा व्हिडिओ काढून बघा. पाकळ्या दिसत नाहीत, नुसते केशरी ठिपके दिसतात, जणू कुणी स्केचपेननं भरलेत.

असं होतं कारण व्हिडिओ लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाटांनी साठतो. केशरी फुलात लाल वाट आधीच काठोकाठ भरलेली असते. ऊन वाढलं की ती उतू जाते, आणि उतू गेलेल्या भागात पाकळी-पाकळीतला फरक नोंदवलाच जात नाही. एडिटिंगमध्ये तो परत आणता येत नाही, कारण तो कधी फाईलमध्ये आलाच नाही. बरेच फोन वरून रंग आणखी गडद करून देतात, म्हणजे आगीत तेल.

दुसरी गोष्ट बिटची. ८ बिटमध्ये प्रत्येक वाटेला २५६ पायऱ्या मिळतात, एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. १० बिटमध्ये १,०२४ पायऱ्या, सुमारे १०७ कोटी रंग. नुसतं बघताना फरक कळत नाही. पण नंतर रंग ओढाताण करून बदलायला गेलात की ८ बिटच्या आभाळात पट्टे दिसायला लागतात. चांगल्या भाड्याच्या कॅमेऱ्यात १० बिट आणि ‘लॉग’ नावाचं प्रोफाइल असतं. लॉगमध्ये चित्र आधी फिकं, मेलेलं दिसतं, पण ऊन आणि सावली दोन्हीतला तपशील जपला जातो. रंग नंतर भरायचा. काही महागड्या फोनमध्येही लॉग आलंय.

पण एक सांगतो, पटलं तर बघा. लॉगमध्ये शूट करून रंग नीट भरता येणारा माणूस टीममध्ये नसेल, तर लॉगच्या वाटेला जाऊ नका. फिका, राखाडी झेंडू यूट्यूबवर टाकलेला मी बराच बघितलाय. त्यापेक्षा साध्या प्रोफाइलमध्ये एक्सपोजर थोडं खाली ठेवा आणि सकाळी साडेसात-आठच्या तिरप्या उन्हात शूट करा, फुलं सूर्याच्या बाजूला ठेवून. पाकळीतून उजेड आरपार येतो. यासाठी भाडं पडत नाही.

आणि कॅमेरा आणण्याआधी फोनवर तालीम करून बघा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप फुकट आहे, आयफोनवर २०२३ पासून आणि अँड्रॉइडवर २०२४ पासून (सगळ्या मॉडेलवर चालत नाही, आपलं तपासा). त्यात शटर, आयएसओ, फोकस, रंगाचं तापमान सगळं हातानं लॉक करता येतं. अख्खी फिल्म त्यावर एकदा कच्ची शूट केली, तर निम्म्या वेळा लक्षात येतं की कॅमेरा तीन नाही, एकच दिवस लागणार आहे. कधीकधी तर लागणारच नाही.

शटरवरून आठवलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. घरातल्या सीनमध्ये पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की भानगड मिटते. भाड्याच्या कॅमेऱ्यात आधीच्या गिऱ्हाइकानं एनटीएससी, म्हणजे ३० आणि ६० फ्रेमची पद्धत, चालू ठेवलेली असू शकते. ती ताब्यात घेतानाच पाल पद्धतीवर आणून घ्या. बदलताना कॅमेरा कार्ड फॉरमॅट करायला सांगू शकतो, आणि हे शूटिंगच्या मधेच कळलं तर आधीचं काम त्याच कार्डात असतं.

आवाजाचं भाडं आधी द्या

माझ्या मते बजेट एकाच गोष्टीला पुरत असेल तर माइक भाड्यानं घ्या, कॅमेरा नको. प्रेक्षक थोडं धूसर चित्र सहन करतो. संवाद ऐकू आला नाही की अंगठा वर सरकतो, पुढचं रील. मुदखेड जंक्शन आहे. नांदेडकडं, निजामाबादकडं आणि आदिलाबादकडं जाणाऱ्या तीन वाटा इथं भेटतात. इंजिनाचा भोंगा शेतात लांबवर ऐकू येतो, वर मोटारपंप, वर वारा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक हे सगळं इमानदारीनं रेकॉर्ड करतो आणि नायिका काय म्हणाली ते सोडून देतो. कॉलरला लावायचे दोन वायरलेस माइक आणि वाऱ्यासाठीचं केसाळ टोपडं, एवढं फोनला जोडलं तरी फिल्मचा दर्जा एका पायरीनं वर जातो.

नांदेड, हैदराबाद की पुणे?

कॅमेरा घ्यायचंच ठरलं तर तीन पर्याय असतात. नांदेड पाऊण तासावर. हैदराबाद रेल्वेनं सरळ रेषेत: मुंबईहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस मुदखेडवरूनच सिकंदराबादकडं जाते. तिथं तेलुगू सिनेमामुळं भाड्याच्या सामानाचा बाजार मोठा आहे, लेन्सपासून लाइटपर्यंत सगळं मिळतं. पुणे-मुंबई मराठी माणसाला मनानं जवळ, पण मुदखेडाहून लांब. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि सामान हैदराबादेहून आणायची सवय आपल्या आजोबांनाही होतीच.

जाहिरातीत लिहिलेला दर असतो एका दिवसाचा. तो दिवस कधी सुरू होतो, हे कुणी विचारत नाही. हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावातला भाव विचारून बदला. बॉडीचे दिवसाला ३,००० आणि दोन लेन्सांचे १,६००, म्हणजे ४,६०० रुपये रोज. शूटिंग दोन दिवसांचं, शनिवार-रविवार. डोक्यात आकडा येतो ९,२००. पण कॅमेरा शुक्रवारी घ्यायचा आणि सोमवारी परत द्यायचा, म्हणजे मोजायला लागले तर चार दिवस: १८,४००. दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के, ३,३१२ रुपये. झाले २१,७१२. प्रवास, जेवण आणि अडकलेलं डिपॉझिट वेगळं. काही ठिकाणी येण्याजाण्याचे दिवस धरत नाहीत किंवा निम्मे धरतात. हे बोलून, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

जीएसटीचंही एक आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी लावताही येत नाही. बिलावरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं.

याउलट नांदेडच्या स्टुडिओवाल्याकडून कॅमेरा कॅमेरामनसकट घेतला, समजा रोजचे ५,००० ठरले, तर दोन दिवसांचे १०,००० आणि त्याचा पेट्रोल-जेवणाचा खर्च. सकाळी येतो, संध्याकाळी कॅमेरा घेऊन जातो. रात्रभर तुमच्या घरात लाखाची वस्तू राहत नाही, बॅटरी चार्ज करायची चिंता त्याची, आणि कॅमेरा पडला तर तो त्याच्याच हातून पडतो. पहिल्या फिल्मसाठी मी डोळे झाकून हाच पर्याय सांगेन. अडचण एकच: लग्नाच्या कॅमेरामनचा हात सतत झूमवर असतो आणि कुणी रडायला लागलं की तो आपोआप जवळ जातो. आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून तुम्ही फोनवर केलेली कच्ची फिल्म दाखवा. “दादा, या सीनमध्ये कॅमेरा हलवायचा नाही” हे तोंडी सांगून कळत नाही, दाखवून कळतं.

आणखी एक भोळं कारण सांगतो, हसू नका. नांदेड जिल्ह्यात मुदखेड आहे आणि मुखेडही आहे, दोन्ही तालुके. ऑनलाइन भाड्याचं सामान कुरिअरनं मागवणार असाल तर पिनकोड दोनदा वाचा.

आधार कार्ड ठेवून जा, म्हणाला

आता कागदपत्रांचं. भाड्यानं कॅमेरा देणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्यानं काही लाखांचा कॅमेरा बहुधा हप्त्यावर घेतलाय. वर्षातल्या मोजक्या तिथींवर तो हप्ता निघतो. अनोळखी पोरगा येतो, चार हजार देतो आणि वस्तू घेऊन निघून जातो. भाड्यानं नेलेला कॅमेरा विकून किंवा गहाण टाकून पसार होणं, ही या धंद्याची खरी भीती आहे. तक्रार गेली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये विश्वासघात आणि ३१८ मध्ये फसवणूक येते, पण कॅमेरा मिळेलच असं नाही. म्हणून तो आधार कार्ड मागतो, कोरा चेक मागतो, गाडीचं आरसी बुक मागतो. त्याची भीती खोटी नाही, पण त्यानं निवडलेला उपाय तुम्हाला गोत्यात आणू शकतो.

मूळ आधार कुणाकडंही ठेवू नका. ओळख पटवायला मास्क्ड आधार चालतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून स्वतः डाउनलोड करता येतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: अमुक तारखेला, अमुक कॅमेरा भाड्यानं घेण्यासाठी. कोऱ्या चेकचं तर नावच नको. सही केलेला चेक दुसऱ्यानं आकडा भरून बँकेत टाकला आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली केस तुमच्यावर होऊ शकते, आणि मग “मी तो अनामत म्हणून दिला होता” हे सिद्ध करत बसावं लागतं. द्यायचाच तर नाव आणि ठरलेली रक्कम भरून, आडव्या रेषा मारून द्या आणि त्याचा फोटो ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे यूपीआयनं डिपॉझिट आणि मेसेजमध्ये लिहिलेला एक ओळीचा खुलासा.

तुम्ही १८ वर्षांखालचे असाल तर करार तुमच्या नावानं होतच नाही. घरातलं मोठं माणूस सोबत न्या, काकाला नेलं तरी चालेल.

आता तो पाण्यातला कॅमेरा. भाड्यानं घेतलेली वस्तू बिघडली तर कोण भरणार? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात यावर कलमं आहेत, आणि ती दोन्हीकडून बोलतात. कलम १५१ म्हणतं, साधा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तुम्ही घ्यायची. कलम १५२ म्हणतं, तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, आणि वेगळा करार नसेल, तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. आणि कलम १५० मालकाला बांधतं: भाड्यानं दिलेल्या वस्तूत आधीच दोष असेल आणि त्यामुळं थेट नुकसान झालं, तर तो दोष मालकाला माहीत नव्हता हे कारण चालत नाही.

पण ‘वेगळा करार नसेल तर’ हे चार शब्द जपून वाचा. बऱ्याच छापील फॉर्मवर “कसंही नुकसान झालं तरी पूर्ण किंमत ग्राहक देईल” असं असतं आणि आपण सही करतो. सही करण्याआधी तीन गोष्टी त्याच फॉर्मवर हातानं लिहून घ्या: कॅमेऱ्याची आजची किंमत किती धरली (नव्याची नाही, वापरलेल्याची), दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बिलानुसार होईल का, आणि दुरुस्तीच्या काळातलं भाडं तुमच्याकडून घेणार की नाही. या तिसऱ्यावर भांडणं होतात. विमा आहे का विचारा, आणि असेल तर कॅमेरा भाडेकरूच्या हातात असताना तो लागू होतो का, हेही विचारा.

इन्स्टाग्रामवर फारच कमी दरात एफएक्स३ मिळत असेल तर थांबा. पेजवर फोटो दुसऱ्याचे, दुकानाचा पत्ता गोल, आणि “सीझन आहे, क्यूआरवर अर्धे पाठवा, उद्या कुरिअर” हा मजकूर. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालू करून आजची तारीख लिहिलेला कागद शूट करून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की विषय संपला. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

ताब्यात घेताना

पितृपक्षातल्या कॅमेऱ्याची एक खास तपासणी आहे, जी इतर वेळी एवढी लागत नाही. हा कॅमेरा काल-परवापर्यंत विसर्जन मिरवणुकीत होता. डीजेबरोबर लेझर लाइट होते. लेझरची तिरीप थेट लेन्समध्ये गेली तर सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेघा पडतात. अंगावर ओरखडा नाही, लेन्स चकाचक, आणि चित्रात मात्र एकाच जागी एक हिरवी-जांभळी रेघ. तुम्हाला ती शूटिंग संपल्यावर मोठ्या पडद्यावर दिसणार आणि मालक म्हणणार, तुमच्याकडंच झालं.

म्हणून दुकानातच दोन क्लिप काढा. एक लेन्सला टोपण लावून: पूर्ण काळ्यात कुठं चमकता ठिपका दिसतो का. दुसरी छिद्र लहान करून, एफ१६ च्या आसपास, आभाळाकडं किंवा पांढऱ्या भिंतीकडं धरून: रेघ, धूळ, डाग दिसतात. दोन्ही तिथल्या तिथं झूम करून बघा. मग फोनवर एकच सलग व्हिडिओ: सिरियल नंबर, लेन्सच्या दोन्ही काचा, स्क्रीन, कार्डाचं दार, एचडीएमआयचं तोंड, बॅटऱ्या किती, चार्जर आहे का. मालकाचा आवाज त्यात येऊ द्या. व्हिडिओ त्यालाच व्हॉट्सअ‍ॅप करा. त्यालाही हे बरंच वाटतं, कारण उद्या तुमच्या हातून टोपण हरवलं तर पुरावा त्याच्याकडं आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, तर मोठी जाड प्लास्टिक पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवा. दमट कॅमेरा बंद बॅगेत रात्रभर राहिला की लेन्सला बुरशी धरते. बॅटऱ्या किमान तीन, कारण शेतात प्लग नाही आणि गावात वीज कधी जाईल ते महावितरणलाच ठाऊक.

कार्डांचाही हिशोब आधी करा. बारा मिनिटांच्या फिल्मसाठी आठपट शूट केलं तर साधारण ९६ मिनिटांचं फुटेज होतं. सेकंदाला १०० मेगाबिटनं रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी, म्हणजे सगळं मिळून ७२ जीबी. तेच सेकंदाला २५० मेगाबिटच्या दर्जावर गेलात तर १८० जीबी. दुकानदार एखादं ६४ चं कार्ड देतो आणि तुम्ही पहिल्याच दुपारी अडकता. जुना मित्र, जुना लॅपटॉप आणि एक एसएसडी जेवणाच्या सुट्टीत बांधावर हजर पाहिजे. फुटेज दोन जागी उतरवून, उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

मुदखेड स्टेशनवर एक शॉट घ्यावा असं सगळ्यांना वाटतं. फोनवर रील काढणारे दिसतात म्हणून ट्रायपॉड आणि मोठा कॅमेरा घेऊन गेलात तर आरपीएफ विचारणारच. चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते, आणि हा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. ड्रोन उडवायचा असेल तर आधी सरकारी नकाशावर तो भाग हिरवा आहे का बघा. गावात सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं “आम्हाला माहीत नव्हतं” ऐकून घेतलं जात नाही. शेतमालकाला मात्र फक्त आधी विचारा आणि पायाखाली फुलं जाणार नाहीत याची खात्री द्या. दसऱ्याच्या आठवड्यात तुडवलेली एक ओळ म्हणजे त्याचे रोख पैसे.

परत देताना घाईत देऊ नका. तोच सलग व्हिडिओ पुन्हा, मालकासमोर, त्याच क्रमानं. कार्ड त्याचं असेल तर त्याच्यासमोर फॉरमॅट करा. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याच्या दुकानात गर्दी असेल आणि तो म्हणेल, “राहू दे, बघतो नंतर, डिपॉझिट उद्या टाकतो.” पाच मिनिटं थांबा, त्याच्याकडून “कॅमेरा ठीक मिळाला” एवढा मेसेज घ्या, आणि डिपॉझिट तिथंच यूपीआयवर आल्याचं बघून मग गाडीला किक मारा.